येऊरच्या रानातला वारा

१२. इथे ‘वारा फिरला’ हे लेखकाचे निमित्त नव्हे. येऊरला दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, रात्री जमिनीकडून मतलई. उतारावरची हवा मात्र दिवसा तापून वर चढते, रात्री गार होऊन घळींतून उतरते. ठाण्याच्या बाजूला हे प्रवाह एकमेकांविरुद्ध पडतात. त्यात झाडीवरून आलेला वारा पलीकडच्या मोकळ्या जागेत भोवरा करून जमिनीलगत पुन्हा झाडीकडे वळतो. म्हणून समोरून वारा घेऊन रानाच्या कडेला बसलेल्या शिकाऱ्याचाही वास सांबराला लागे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर अशी शिकार गुन्हा ठरली, ते उत्तमच झाले. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावरच्या मचाणावर बसणाऱ्यांनी मात्र हा परिच्छेद जरूर वाचावा. अत्तर तर लावूच नये. — संपा.