तिरप्या अक्षराचं कूळ

जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास त्यांनी सबंध लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. ग्रंथ संपेपर्यंत सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटावं. ओळीला ओळ लागू नये. बरू, शाई, हिंगूळ संग्रही ठेवायलाही ते सांगतात. जुन्या पोथ्यांत काही उठून दिसायला हवं असलं, तर याच हिंगुळाची लाल शाई कामी येई. अक्षर तिरपं करण्याची कल्पनाच नव्हती.

ती आली व्हेनिसहून. आल्डस मनुशियस या मुद्रकासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोनं विद्वानांच्या झरझर हस्ताक्षरावरून ठसे कोरले आणि १५०१ साली व्हर्जिलचं अख्खं पुस्तक त्यांत छापून निघालं. गंमत म्हणजे त्यातली कॅपिटल अक्षरं सरळच होती. शब्दावर जोर देण्याचं काम या तिरप्या अक्षराकडे, म्हणजे इटॅलिककडे, पुढे आलं. मग हस्तलिखितात शब्दाखाली एक रेघ ओढली, की जुळाऱ्यानं तो इटॅलिकमध्ये जुळवायचा, असा संकेत पडला. देवनागरीत ही रेघ थेट उकारांना कापत जाते.

संगणकानं रेघेऐवजी बटण दिलं. पण र. कृ. जोशींच्या 'मंगल'सारख्या फॉन्टला वेगळं इटॅलिक नाहीच. बटण दाबल्यावर प्रोग्रॅम सरळ अक्षरच ढकलून कलतं करतो. शिरोरेषा आडवीच राहते, काने कलतात, वरच्या मात्रा उजवीकडे सरकतात आणि खालचे उकार डावीकडे. शेवटच्या अक्षरावर रफार असला, तर तो पुढच्या कंसाला जाऊन टेकतो.

खरी फजिती होते ती फाइल दुसरीकडे नेताना. वर्डच्या फाइलमध्ये इटॅलिकच्या खुणा दोन असतात: एक रोमनसाठी, दुसरी देवनागरी, अरबी अशा 'कॉम्प्लेक्स' लिप्यांसाठी. लेखनाच्या प्रोग्रॅमनं पहिलीच खूण लिहिली, की मराठी शब्द मुकाट सरळ होतात. बियाण्यांसाठी नावाजलेल्या जालन्यात कोणी कपाशीवर मराठी पुस्तिका लिहिली, तर एकाच वाक्यात कपाशीचं रोमन शास्त्रीय नाव तिरपं आणि शेजारचं मराठी ग्रंथनाम सरळ, असं ध्यान दिसू शकतं.

यावर शब्दागणिक बटण दाबत बसणं म्हणजे नसती हमाली. 'ग्रंथनाम' नावाची एक कॅरेक्टर स्टाइल करावी आणि तिच्यात दोन्ही लिप्यांसाठी इटॅलिक लावावं. लिब्रेऑफिसमध्ये त्यासाठी दोन वेगळे रकानेच आहेत. उद्या प्रकाशकाला तिरपं अक्षर नको असलं, तर स्टाइल शोधून तिच्या जागी एकेरी अवतरणचिन्हं घालता येतात. मराठी छपाईत ग्रंथनामांसाठी ती रुळलेलीच आहेत. कपाशीच्या शास्त्रीय नावाला मात्र वेगळी स्टाइल द्यावी, कारण ते तिरपंच छापायचा वनस्पतिशास्त्राचा रिवाज आहे.