राखीव इंधन (मोटारवाहनातील)

मोटारगाडी किंवा दुचाकीच्या टाकीतील साठा ठरावीक पातळीखाली गेल्यावर, चालकाला तशी सूचना मिळून पुढे वापरले जाणारे इंधन. बोलीत ‘रिझर्व्ह’, ‘गाडी रिझर्व्हला लागली’ असे म्हणतात. पूर्वी ही सूचना इंजिन स्वतःच आचके देऊन देत असे आणि चालक कॉक फिरवीत असे. आता फलकावर पंपाच्या चित्राचा पिवळसर दिवा लागतो. दोन्ही पद्धतींत राखून ठेवलेले असतात ते लिटर. त्या लिटरांत गाडी किती किलोमीटर जाईल हे यंत्रणेला ठाऊक नसते. ‘दिवा लागल्यावर गाडी किती जाते?’ या नेहमीच्या प्रश्नाला एकच आकडा उत्तर म्हणून देता येत नाही, ते यामुळे.

कॉकची पद्धत : टाकीच्या तळाशी बसवलेल्या कॉकला दोन वाटा असतात. एक वाट टाकीत काही सेंटीमीटर वर उभ्या राहिलेल्या नळीतून येते, दुसरी थेट तळातून. कॉक ‘ऑन’ असताना इंधन उभ्या नळीच्या तोंडातून उतरते. पातळी त्या तोंडाखाली गेली की पुरवठा तुटतो, कार्बोरेटरच्या वाटीतले उरलेसुरले पेट्रोल जळते आणि गाडी अडखळू लागते. कॉक ‘रिझर्व्ह’वर नेला की तळाची वाट उघडते. तिसरी स्थिती बंदची. या रचनेत विजेचा संबंध नाही, तरंगकही नाही. राखीव साठा किती हे नळीच्या उंचीने कारखान्यातच ठरून गेलेले असते आणि गाडी जुनी झाली म्हणून त्यात फरक पडत नाही. भारतीय मोटारसायकलींत तो साधारण १ ते २ लिटर असे. अचूकपणाच्या दृष्टीने पुढच्या कोणत्याही विद्युत यंत्रणेला ही पद्धत मागे टाकता आलेली नाही, असे म्हणण्यास हरकत नसावी.

तिचा दोष मनुष्यस्वभावातला. पेट्रोल भरल्यावर कॉक परत ‘ऑन’वर आणायचे राहून गेले, तर पुढच्या खेपेस गाडी कोणतीही सूचना न देता टाकीच्या तळापर्यंत जाते आणि बंद पडते तेव्हा राखीव काही उरलेले नसते. कॉकच्या काळात रस्त्यात पेट्रोल संपण्याचे हे नेहमीचे कारण होते.

मोटारसायकलची टाकी चौकटीच्या मधल्या नळावर खोगिरासारखी बसते, त्यामुळे तळाशी तिचे दोन कप्पे होतात. कॉक एका बाजूला असल्यास दुसऱ्या कप्प्यातले पेट्रोल ‘रिझर्व्ह’वरही मागे राहते. गाडी कॉकच्या बाजूला कलती केली की ते मधला उंचवटा ओलांडून इकडे येते व आणखी काही किलोमीटर निघतात. स्कूटर आडवी करून पुन्हा किक मारण्याची सर्वपरिचित युक्ती याच जातीची. कोपऱ्यात साचलेले पेट्रोल त्यामुळे तोंडाशी येते. बजाज चेतक (१९७२ पासून) व तिच्या जातीच्या स्कूटरींत कॉकची दांडी सीटखाली असे. जुन्या स्कूटरींत काटा नसल्याने झाकण उघडून आत डोकावणे, गाडी हलवून आवाज ऐकणे किंवा काडी बुडवून पाहणे एवढीच मोजणी होती. द्विघाती इंजिनाच्या गाडीत बाटलीने आणलेले पेट्रोल ऑइल न मिसळता ओतणे धोक्याचे, हे घाईत विसरले जाई.

मोटारींमध्ये कॉकचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण फोक्सवॅगन बीटलचे. १९६१ पर्यंतच्या बहुतेक बीटल गाड्यांत इंधनाचा काटाच नव्हता. चालकाच्या पायाशी एक दांडी असे. इंजिन अडखळले की चालत्या गाडीतच ती पायाने वळवायची आणि सुमारे ५ लिटर राखीव पेट्रोल मिळवायचे. तेवढ्यात ६० किलोमीटरच्या आसपास मजल होई. त्याआधीच्या फोर्ड मॉडेल टी (१९०८–२७) गाडीत टाकी पुढील आसनाखाली होती आणि पेट्रोल केवळ उतारामुळे कार्बोरेटरकडे वाहत असे. साठा कमी असताना चढावर टाकीची पातळी इंजिनाच्या खाली जाई आणि गाडी बंद पडे. उपाय म्हणून चालक गाडी उलट वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. फियाटच्या १९५७ च्या छोट्या ५०० या गाडीने तिसराच मार्ग घेतला : काटा वगळून फक्त राखीव साठ्याचा दिवा दिला.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतून कार्बोरेटर गेला, पेट्रोल दाबाने फवारणारी यंत्रणा आली आणि कॉकही गेला.

काटा व दिवा : टाकीत तरंगक असतो. तो खाली-वर होताना त्याची दांडी एका विद्युतरोधाच्या पट्टीवर सरकते. त्यानुसार प्रवाह बदलतो आणि काटा हलतो. टाकी काठोकाठ भरली की तरंगक छताला टेकतो, म्हणून पहिले काही लिटर संपेपर्यंत काटा ‘फुल्ल’वरच असतो. टाकीचा आकारही वर-खाली सारखा नसतो. अर्धी टाकी सावकाश आणि उरलेली अर्धी भराभर उतरल्याचा जो अनुभव सांगितला जातो, त्याचे कारण पुष्कळदा इतकेच असते.

दिव्यासाठी अनेक गाड्यांत, विशेषतः जपानी बनावटीच्या, थर्मिस्टर वापरला गेला. पेट्रोलमध्ये बुडालेला असेतो तो थंड राहतो व त्याचा रोध जास्त असतो. उघडा पडला की स्वतःतून वाहणाऱ्या प्रवाहानेच तापतो, रोध घटतो आणि दिवा लागतो. तापण्यास थोडा वेळ लागत असल्याने वळणावर पेट्रोल हिंदकळले तरी दिवा लगेच लागत नाही. अलीकडच्या गाड्यांत हे काम तरंगकाच्या संकेतावरून संगणकच करतो आणि हिंदकळणे सरासरी काढून पुसून टाकतो. काटा शून्यावर आल्यावरही टाकीत थोडे इंधन असते; ते किती ठेवायचे हे उत्पादक ठरवतो. दिवा कोणत्या पातळीला लागावा याचे प्रमाणही सर्व उत्पादकांचे सारखे नाही. टाकीच्या दहा ते पंधरा टक्क्यांदरम्यान तो लागतो, असे माहितीपुस्तिकांवरून साधारणपणे म्हणता येते.

टाकीची जाहीर क्षमता व प्रत्यक्ष मावणारे इंधन यांत फरक असतो. वाफेसाठी सोडलेली जागा आणि तोंडाची नळी धरून टाकीत जाहीर आकड्यापेक्षा अधिक इंधन जाऊ शकते. पंपावर होणारे काही वाद यातूनच उद्भवतात, सर्वच नव्हेत.

अंतर : ३७ लिटर टाकीच्या पेट्रोल हॅचबॅकचा दिवा सुमारे ५ लिटर उरले असता लागतो असे धरू. महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या स्थिर वेगाने तिला लिटरमागे १८ किलोमीटर मिळत असतील तर हिशेबाने ९० किलोमीटर निघतात. शहरातल्या खोळंब्यात लिटरला ११ पडले तर ५५. एसी लावून, चार माणसे व सामान घेऊन घाट चढताना ८ पडले तर ४० च. गाडी तीच, दिवा तोच. शिवाय तळाचे काही पेट्रोल टाकीतल्या पंपाला ओढता येत नाही, म्हणून हिशेबातल्या अंतराचा निम्मा भागच हातचा धरावा. अनुभवी चालक दिवा लागल्यावर ३०–४० किलोमीटरच्या आत पंप गाठतात ते याच हिशेबाने.

वेग हा यातला चालकाच्या हाती असलेला मुख्य घटक. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० वरून ८० वर आल्यास तो सुमारे एकतृतीयांशाने घटतो. पंप लवकर यावा म्हणून वेग वाढवणारा चालक आपली मजल कमी करत असतो.

फलकावर दिसणारे ‘उरलेले अंतर’ म्हणजे टाकीतील अंदाजे लिटर गुणिले गेल्या काही किलोमीटरांतील सरासरी. घाट उतरल्यावर हा आकडा वाढतो आणि चढणीला लागताच कोसळतो. साठा फार कमी झाल्यावर कित्येक गाड्या आकडा काढून टाकून नुसत्या रेघा दाखवतात. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय, स्थापना १९६६) या संस्थेने प्रमाणित केलेले मायलेज प्रयोगशाळेत ठरावीक चक्रावर मोजलेले असते. गाड्यांची आपसांत तुलना करण्यास ते उपयोगी, पण राखीव इंधनाच्या हिशेबात ते धरू नये.

घाट : सह्याद्रीतील रस्त्यांवर दिवा चढणीला लागून पठारावर विझतो असे आढळते. टाकी कलल्याने तरंगकाकडची पातळी बदलते, एवढाच त्याचा अर्थ. चारचाकी चालना असलेल्या गाड्यांत टाकी मधल्या दांड्यावरून दोन्ही बाजूंना उतरलेली असते; तेथे एका कप्प्यातले इंधन दुसऱ्यात आणण्यासाठी वेगळा झोतपंप लागतो.

उतारावर गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून पेट्रोल वाचवण्याची सवय कार्बोरेटरच्या काळातली आहे. इंधन फवारणाऱ्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून रेसवरून पाय काढला की फवारे पूर्ण बंद होतात आणि चाकेच इंजिन फिरवतात; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते पेट्रोल जळतच राहते. म्हणजे न्यूट्रलने बचत उलट घटते. इंजिन बंद केल्यास ब्रेकला साह्य करणारी निर्वात पोकळी दोन-तीन दाबांत संपते, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि किल्ली काढल्यास स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते. कसारा किंवा वरंध घाटात हा प्रकार जिवाशी खेळ होय.

नियंत्रित प्रवेशाच्या रस्त्यांवर प्रश्नाचे रूप बदलते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर (९४.५ किमी) किंवा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गावर (७०१ किमी, जून २०२५ मध्ये पूर्ण) मागे राहिलेल्या पंपाकडे वळता येत नाही आणि बाहेर पडता येते ते इंटरचेंजवरच. दिवा लागल्यापासून पंपापर्यंतच्या अंतरात अशा ठिकाणी पुढच्या इंटरचेंजपर्यंतचे अंतरही मिळवावे लागते.

यंत्रावरील परिणाम : याबाबत मतभेद आहेत. टाकीतला विद्युत पंप आतून वाहणाऱ्या इंधनानेच थंड राहतो, म्हणून वारंवार कमी साठ्यावर गाडी चालवल्यास त्याचे आयुष्य घटते असे मेकॅनिक सांगतात. तथापि बहुतेक गाड्यांत हा पंप एका छोट्या भांड्यात बसवलेला असतो आणि भोवतालची पातळी खाली गेली तरी ते भांडे भरलेले राहते. नुसता दिवा लागल्याने पंप तापतो असे त्यामुळे म्हणता येत नाही. पूर्ण कोरडा चालल्यास मात्र त्याला इजा होते.

‘रिझर्व्हवर गाळ ओढला जातो’ ही समजूत कॉकवाल्या दुचाकींपुरती खरी आहे. तेथे तळाचा थर एरवी स्पर्शिलाच जात नाही. त्यातले पाणी व गंज रिझर्व्ह लावल्यावर एकदम कार्बोरेटरात उतरतात. मोटारीतला पंप टाकी भरलेली असतानाही तळातूनच ओढतो, म्हणून तिला हा नियम लागू पडत नाही. इंधन तुटक मिळू लागल्यावर होणाऱ्या मिसफायरमुळे न जळलेले पेट्रोल उत्प्रेरकी परिवर्तकात जाऊन तो तापण्याची शक्यता असते.

डिझेल : टाकी रिकामी झाल्यावर नळ्यांत हवा शिरते, ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात. नुसते डिझेल ओतून इंजिन सुरू होत नाही. हातपंपाने डिझेल चढवून, स्क्रू ढिला करून, बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी लागते. कॉमन रेल प्रकारच्या इंजिनातील उच्चदाब पंपाचे वंगणही डिझेलच असल्याने तेथे टाकी कोरडी पडू देणे महागात जाते. ट्रकचालक दिव्यापेक्षा टाकीत घातलेल्या काठीवर अधिक विश्वास ठेवतात, आणि त्यांचे चुकत नाही.

इथेनॉल : इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. पेट्रोलमधील त्याच्या वीस टक्के मिश्रणाने मायलेज किती घटते हा सध्या वादाचा विषय आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मूळ शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व दहा टक्के मिश्रणाला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६–७ टक्के, तशाच दुचाकींसाठी ३–४ टक्के आणि वीस टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकींसाठी १–२ टक्के घट अंदाजिली होती. राखीव लिटर तेवढेच राहून त्यांतले किलोमीटर या प्रमाणात कमी होतात. मिश्रणात पाणी शिरल्यास इथेनॉल व पाणी मिळून तळाशी वेगळा थर होतो. बराच काळ उभ्या राहिलेल्या जुन्या दुचाकीत रिझर्व्हवर प्रथम तोच येतो.

इंधन संपल्यावर : दुचाकीला मागून दुसऱ्या दुचाकीवरच्याने पाय लावून ढकलत नेणे आणि चारचाकीला दोरखंडाने टोचन करणे हे रूढ उपाय, पहिला वाहतुकीत धोकादायक आहे. पंपावरून सुटे पेट्रोल आणण्याबाबत पेट्रोलियम अधिनियम, १९३४ प्रमाणे विक्रीसाठी नसलेले एकूण ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगता येते. ते धातूच्या (२५ लिटरपर्यंत) किंवा काचेच्या अथवा चिनी मातीच्या (१ लिटरपर्यंत) बंद पात्रात असावे लागते. पाण्याची प्लॅस्टिक बाटली यात बसत नाही. जर्मनीत ऑटोबानवर थांबण्यास मनाई असून इंधन संपणे ही टाळता येण्याजोगी गोष्ट समजली जाते, त्यामुळे दंड होऊ शकतो.

लोकव्यवहारात : अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका ‘साइनफेल्ड’च्या १९९८ मधील एका भागात चाचणीसाठी घेतलेली गाडी काटा शून्याखाली गेल्यावर किती धावते हे पाहण्याचा प्रसंग आहे.

सीएनजी : नळकांड्यातील दाब घटला की दुहेरी इंधनाची गाडी आपोआप पेट्रोलवर जाते, येथे पेट्रोलची टाकी हाच राखीव साठा होय.

विद्युत वाहने : बॅटरी अगदी कमी झाल्यावर अनेक गाड्या वेग व शक्ती मर्यादित करतात.