अल्-जब्र ते लिनिअर अल्जिब्रा: मराठवाड्याच्या वाटेवरचे गणित

जालन्याहून मंठ्याकडे जाताना वाटूर फाटा लागतो. इथून एक रस्ता परतूरकडे वळतो. वाटूरच्या मुलाला किंवा मुलीला बारावीनंतर बी.एस्सी. करायचे असेल तर याच फाट्यावर उभे राहून एसटीची वाट पाहावी लागते. परतूर, मंठा, जालना किंवा थेट औरंगाबाद. गणित घेतले की पदवीच्या अभ्यासक्रमात लिनिअर अल्जिब्रा नावाचा विषय समोर येतो आणि बऱ्याच जणांचा तिथे पाय अडखळतो.

खरे तर या विषयाचा उंबरठा दहावीतच ओलांडलेला असतो. बालभारतीच्या बीजगणिताच्या पुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे आहेत, निश्चयक आहे, क्रेमरची पद्धत आहे. तेच पुस्तक उर्दू माध्यमासाठी उर्दूतही निघते. तिथे समीकरणाला 'मुसावात' म्हणतात. जुम्याच्या खुतब्यात आपण माणसामाणसांतल्या बरोबरीसाठी जो शब्द ऐकतो, तोच हा शब्द. दहावीपर्यंत म्हणजे विषय आपल्या भाषेत असतो. कॉलेजात मात्र 'व्हेक्टर स्पेस', 'बेसिस', 'आयगेनव्हॅल्यू' हे शब्द एकदम अंगावर येतात आणि मुलाला वाटते की हे आपल्या गावचे काम नाही.

ही समजूत इतिहासाला धरून नाही. अल्जिब्रा हा शब्दच मुळी अरबी. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात, खलिफा अल्-मामूनच्या काळात, बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी यांनी 'अल्-जब्र वल्-मुकाबला' या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ लिहिला. जब्र म्हणजे मोडलेले जोडणे, सांधणे. स्पॅनिश भाषेत हाड बसवणाऱ्यालाही याच शब्दावरून नाव पडले होते. समीकरणात वजा असलेले पद दुसऱ्या बाजूला नेऊन तुटलेली बाजू पुरी करायची, ते जब्र.

या ग्रंथाचा जवळपास अर्धा भाग वसियत आणि वारसाहक्काच्या हिशेबांना दिलेला आहे, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. त्यातले एक उदाहरण पाहा. एक माणूस दोन मुलगे मागे ठेवून वारला. मालमत्तेचा तिसरा हिस्सा एका परक्याला द्यावा, अशी त्याची वसियत आहे. घरात रोख १० दिरहम आहेत आणि १० दिरहम एका मुलाकडूनच येणे आहे. तेव्हा त्या मुलाचा वाटा त्याच्या कर्जातून वळता करायचा. पण वाटा किती? तो ठरवायला एकूण मालमत्ता कळली पाहिजे, आणि मालमत्तेत कर्जाचा किती भाग धरायचा हे पुन्हा वाट्यावरच अवलंबून! अल्-ख्वारिझ्मी या अज्ञात रकमेला 'शय', म्हणजे 'वस्तू' म्हणतात. मालमत्ता झाली १० अधिक शय. तिसरा हिस्सा परक्याला गेला, उरलेल्याचे दोन वाटे झाले. म्हणजे प्रत्येकाला एकूणाचा तिसरा हिस्सा, आणि तो हिस्सा म्हणजेच शय. तर १० अधिक शय बरोबर ३ शय. शय निघाला ५. परक्याला ५, रोखीतून एका भावाला ५, आणि कर्जदार भावाचे ५ माफ. वाटणीवरून भाऊबंदकी पेटलेले घर ज्याने पाहिले आहे, त्याला हे उदाहरण पुस्तकी वाटणार नाही.

इथे अज्ञात राशी एकच आहे. अनेक अज्ञात राशींचा विचार आपल्या शेजारीच होत होता. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला गेले की पाटण येते. तिथल्या १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याची नोंद आहे. म्हणजे गणिताच्या अभ्यासक्रमाला दिलेली देणगीच ती. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त पहिली अज्ञात राशी 'यावत्तावत्', पुढच्या राशींना रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, लोहितक. आपण आज एक्स, वाय, झेड लिहितो. ते काळा, निळा, पिवळा म्हणत. मला त्यांची सोय जास्त आवडते.

या संस्कृत 'बीजगणिता'चा फारसी अनुवाद शाहजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास झाला. अनुवादक होते अताउल्लाह रशीदी, ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचे पुत्र. हेच अताउल्लाह पुढे दख्खनमध्ये आले आणि त्यांनी औरंगाबादचा बीबी का मकबरा उभारला. मकबऱ्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय अशी दोन नावे आहेत. सहल घेऊन येणारे शिक्षक मुलांना 'दख्खनचा ताज' एवढेच सांगून फोटो काढतात. भास्कराचार्यांना फारसीत नेणाऱ्या माणसाने हा घुमट रचला, हे सांगायला दोन मिनिटे लागतील. मराठवाडा विद्यापीठाचा परिसर तर त्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आजचा लिनिअर अल्जिब्रा बगदादचा नाही आणि पाटणचाही नाही. 'सगळे आमच्याकडे आधीच होते' हा छंद मुसलमानांतही आहे, हिंदूंतही आहे, आणि त्याने परीक्षेत एक गुणही मिळत नाही. अनेक समीकरणे कोष्टकात मांडून एकेक राशी काढून टाकण्याची रीत प्राचीन चीनमध्ये होती. युरोपात तिला गाउसचे नाव मिळाले. जर्मनीतल्या स्टेटिनचे शाळामास्तर हेर्मान ग्रासमान यांनी १८४४ मध्ये सदिशांच्या विचाराचा पाया घालणारे पुस्तक लिहिले, ते फारसे कोणी वाचले नाही आणि त्यांना विद्यापीठात जागाही मिळाली नाही. 'मॅट्रिक्स' हा शब्द सिल्व्हेस्टर यांनी १८५० मध्ये वापरला, केली यांनी १८५८ मध्ये त्याचे नियम मांडले, पेआनो यांनी १८८८ मध्ये सदिश अवकाशाची व्याख्या दिली.

हे नवे गणित मराठवाड्याच्या दारात आले ते उर्दूतून. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात आणि निजामाच्या राज्यात होते. १९१७ मध्ये हैदराबादेत दारुल तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक हे औरंगाबादेत शिक्षण खात्यात अधिकारी होते. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभारही ते तिथूनच पाहत. उस्मानिया विद्यापीठात गणित, भौतिकशास्त्र, वैद्यक सगळे उर्दूतून शिकवायचे ठरले. आधी पारिभाषिक शब्द घडवा, मग पुस्तके, मग वर्ग, असा क्रम होता. १९२३ मध्ये औरंगाबादेत इंटरमिजिएट कॉलेज निघाले.

त्या उर्दू गणिताने विद्यार्थ्यांचे नुकसान झाले का? उस्मानियाच्या सुरुवातीच्या पदवीधरांत रझिउद्दीन सिद्दीकी होते. उर्दूतून गणित शिकून ते केंब्रिजला आणि मग लाइपझिगला गेले. लाइपझिगला तेव्हा हायझेनबर्ग प्राध्यापक होते. याच हायझेनबर्गना १९२५ मध्ये आपला नवा सिद्धांत मांडताना मॅट्रिक्स म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्यांनी लिहिलेले गुणाकार मॅट्रिक्सचे आहेत, हे मॅक्स बॉर्न यांनी ओळखले. सिद्दीकी परत येऊन उस्मानियात गणिताचे प्राध्यापक झाले.

पण या प्रयोगाची दुसरी बाजू लपवणे बरोबर नाही. वाटूर-परतूरच्या मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराला ही विद्यापीठीय उर्दू इंग्रजीइतकीच परकी होती. राज्यातील बहुसंख्य लोक मराठी, तेलुगू, कन्नड बोलत आणि त्या भाषांना उच्च शिक्षणात हे स्थान नव्हते. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, त्यामागे हाही सल होता. मातृभाषेत शिक्षणाची कल्पना चांगली, पण मातृभाषा कोणाची, हा प्रश्न निजामाने विचारला नाही.

सप्टेंबर १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम इंग्रजी झाले. दारुल तर्जुम्याची पुस्तके कपाटात गेली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १९८१ मध्ये परतूर नव्या जालना जिल्ह्यात आले. उर्दूने रिकामी केलेली विज्ञानाची जागा मराठीला मिळायला हवी होती, ती इंग्रजीने घेतली. मराठीत परिभाषा कोश झाले, विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने पुस्तकेही काढली. पण उस्मानियाने शब्दांमागोमाग वर्ग भरवले होते. आपण कोश छापून थांबलो.

आज ग्रामीण भागातल्या अनेक कॉलेजांत सर मराठीत बोलतात आणि फळ्यावर इंग्रजीत लिहितात. 'बेसिस म्हणजे कमीत कमी इतके सदिश घ्यायचे की बाकी सगळे त्यांच्यापासून बनवता आले पाहिजेत,' हे वाक्य वर्गात सगळ्यांना कळते. वहीत मात्र ते उतरत नाही, कारण उत्तरपत्रिकेत ते इंग्रजीत लिहायचे असते.