मुंबई ते नागासाकी : हवाई अंतर व प्रवासाचा कालावधी

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी जपानमधील नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ख्रिस्तासाठी प्राणार्पण केले. त्या पुण्यभूमीच्या यात्रेची इच्छा बाळगणाऱ्या भाविकांसाठी प्रवासाविषयीची माहिती पुढे दिली आहे.

अंतर : मुंबई व नागासाकी येथील विमानतळांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ५,८३० किलोमीटर आहे. ताशी ८५० किलोमीटर वेगाने हे अंतर सात तासांचे होते. परंतु या दोन शहरांमध्ये थेट विमानसेवा नाही. टोकियोमार्गे जाताना प्रथम सुमारे ६,७५० किलोमीटर पूर्वेस जाऊन पुन्हा नैर्ऋत्येस वळावे लागते.

कालावधी : मुंबई-टोकियो प्रवासास सुमारे आठ तास व टोकियो-नागासाकी प्रवासास सुमारे दोन तास लागतात. थांबे धरून एकूण वेळ बहुधा पंधरा तासांहून अधिक होतो. टोकियोस नारिता व हानेदा असे दोन विमानतळ असून नागासाकीची बहुतांश विमाने हानेदाहून सुटतात. तिकीट काढताना याची खात्री करावी. उंचावरील वेगवान पश्चिमी वाऱ्यांमुळे परतीच्या प्रवासास अधिक वेळ लागतो. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे.

नागासाकीचा विमानतळ ओमुरा उपसागरातील एका बेटावर आहे. तेथून बसने सुमारे पाऊण तासात शहराचे रेल्वे स्थानक गाठता येते. सव्वीस रक्तसाक्ष्यांची निशिझाका टेकडी स्थानकापासून काही मिनिटांच्या पायवाटेवर आहे. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली, तर पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली येथे प्रार्थना केली.

पूर्वीचा प्रवास : सोळाव्या शतकात जहाजे मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असत. संत फ्रान्सिस झेवियर एप्रिल १५४९ मध्ये गोव्याहून निघाले व मलाक्कामार्गे १५ ऑगस्ट रोजी जपानमधील कागोशिमास पोहोचले. संत गोन्सालो तरुणपणी येशूसंघीय धर्मगुरूंसमवेत जपानला गेले. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून जपानला परतले.

क्योतो ते नागासाकी : या यात्रेतील सर्वांत महत्त्वाचे अंतर मात्र जपानमधीलच आहे. क्योतो येथे डाव्या कानाचा भाग कापून बंदिवानांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात, बहुतांश पायी, सुमारे ८०० किलोमीटर चालवून त्यांना नागासाकीस नेण्यात आले. या प्रवासास सुमारे एक महिना लागला. त्यांच्यामध्ये लहान मुलेही होती. आज हाच प्रवास, हाकाता व ताकेओ-ओन्सेन येथे गाडी बदलून, रेल्वेने सुमारे पाच तासांत होतो.

म्हणून ज्यांना दोन-तीन दिवस अधिक देता येतील, त्यांनी विमानाने थेट नागासाकीस न जाता क्योतोहून यात्रेस आरंभ करावा. निशिझाकाच्या टेकडीवर पोहोचण्यापूर्वी आपल्या संताने कोणती वाट तुडवली, याची अल्पशी तरी जाणीव त्यामुळे होईल.