रोमन कायद्यातील दायित्वविषयक दावे आणि न्यायाधीशाचा विवेकाधिकार

प्रस्तावना :
कर्ज, विक्री, भागीदारी यांसारख्या व्यवहारांतून एका व्यक्तीवर दुसऱ्यासाठी काही देण्याचे वा करण्याचे जे बंधन येते, त्यास रोमन विधिज्ञ 'ऑब्लिगातिओ' म्हणत. हे दायित्व कोणत्या दाव्याने मागितले जाते, यावर न्यायाधीशाचा विवेकाधिकार अवलंबून असे. या अधिकाराचा उगम व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्दांचे वर्चस्व :
इ.स.पू. ४५० च्या सुमारास रोममध्ये द्वादश फलकांचा कायदा तयार झाला. त्यावर आधारित जुन्या पद्धतीत वादीस ठरावीक शब्दच उच्चारावे लागत. गायस या विधिज्ञाने इ.स.च्या दुसऱ्या शतकात याचे उदाहरण नोंदविले आहे. तोडलेल्या द्राक्षवेलींबद्दल दावा करणाऱ्याने 'वेली' हा शब्द वापरला आणि तो दावा हरला, कारण कायद्यात 'झाडे' असा शब्द होता.

पुढे लेखी सूत्राची पद्धत रूढ झाली. प्रेटर हा अधिकारी वादाचे सूत्र निश्चित करी व त्यानुसार एक खाजगी नागरिक न्यायाधीश म्हणून निवाडा देई.

दाव्यांचे दोन प्रकार :
निश्चित रकमेच्या कर्जाचा दावा काटेकोर स्वरूपाचा असे. वादीने देय रकमेपेक्षा अधिक मागितल्यास तो संपूर्ण दावा गमावी. न्यायाधीशासही सूत्रातील रकमेहून कमी वा अधिक रक्कम देवविता येत नसे. तसे केल्यास तो स्वतःच जबाबदार ठरे.

विक्री, भाडे, भागीदारी यांसारख्या दाव्यांच्या सूत्रात मात्र 'सद्भावानुसार' या अर्थाचे शब्द असत. त्यामुळे फसवणूक, व्यवहारातील रीत आणि त्याच व्यवहारातून वादीकडून असलेले येणे यांचा विचार न्यायाधीशास करता येई. काटेकोर दाव्यात फसवणुकीचा बचाव सूत्रात आधीच नोंदवावा लागे. सद्भावाच्या दाव्यात त्याची गरज नसे.

सिसरोने इ.स.पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथातील एक प्रसंग येथे बोलका आहे. शकुनवेत्त्यांनी सीलियन टेकडीवरील घराचा उंच भाग पाडण्याचा आदेश दिला असता क्लॉडियसने ते घर विक्रीस काढले व आदेश लपविला. खरेदीदार कॅल्पुर्नियसवर तोच आदेश बजावला गेला. त्याने दावा करताच न्यायाधीश मार्कस कॅटोने ठरविले की, दोष ठाऊक असून न सांगणाऱ्या विक्रेत्याने नुकसान भरून द्यावे. विक्रेत्याचे मौनही येथे दायित्वभंग ठरले.

दोन प्रकारांतील अंतर :
कालांतराने हे अंतर कमी झाले. मार्कस ऑरेलियसच्या (इ.स. १६१–१८०) आदेशाने फसवणुकीच्या बचावाद्वारे काटेकोर दाव्यातही परस्पर देण्याची वजावट शक्य झाली. जस्टिनियनच्या इ.स. ५३३ मधील 'इन्स्टिट्यूट्स'मध्ये याची नोंद आहे.

निष्कर्ष :
रोमन न्यायाधीशाचा विवेक हा मनमानी अधिकार नव्हता. तो सूत्रातील मोजक्या शब्दांनी दिलेला व त्यांनीच मर्यादित केलेला होता. कर्ज देणाऱ्यास निश्चितता हवी असते, तर विश्वासावर चालणाऱ्या व्यवहारास न्यायबुद्धी. रोमन कायद्याने या दोहोंपैकी एकीचा त्याग न करता व्यवहाराच्या स्वरूपानुसार त्यांना स्थान दिले. मात्र सूत्रात कोणते शब्द येणार हे प्रेटर ठरवीत असल्याने पक्षकाराचे भवितव्य बऱ्याच अंशी निवाड्यापूर्वीच आकार घेत असे.