प्रोसेसरच्या डोक्यावरचा पंखा

नागपूरच्या धंतोलीत यशवंत स्टेडियमच्या आसपास संगणकाची जी दुकाने आहेत, तिथे मे महिन्यात एक तक्रार हमखास येते. "भाऊ, कॉम्प्युटर आपोआप बंद होऊन राहिला." समोरचा माणूस विंडोज किंवा व्हायरस यांचे नावही काढत नाही. तो विचारतो, "खोलीत कूलर आहे का? अन् डबा भिंतीला टेकवून ठेवला का?" मग कॅबिनेटची बाजू उघडते, ब्लोअरने धूळ उडते, हीटसिंकच्या पट्ट्यांत दाटलेला करडा थर निघतो आणि खाली प्रोसेसरवर वाळून चुना झालेली, उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचवणारी पेस्ट दिसते. ती पुसून नवी लावली, पंखा परत बसवला, की यंत्र सुरू.

या पंख्याला आपण संगणकाचा जन्मजात अवयव समजतो. तसा तो नाही. डेस्कटॉप संगणक बाजारात आला तेव्हा प्रोसेसरच्या डोक्यावर काहीच नव्हते. १९८१ च्या आयबीएम पीसीतली इंटेलची ८०८८ ही चिप ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायची आणि जेमतेम दोन वॉट खायची. बोट ठेवले तर कोमट लागावी, इतकीच तिची ऊब. अख्ख्या यंत्राचा वीजपुरवठा ६३.५ वॉटचा होता आणि पंखा होता तो त्या एसएमपीएसच्या डब्यात. पेटीतली हवा तो जाता जाता बाहेर ओढायचा, तेवढे पुरे होते.

काहींना तर तेवढाही पंखा नको होता. पंख्याचा आवाज स्टीव्ह जॉब्जला खपत नसे. १९७७ चा ॲपल टू पंख्याविना निघाला आणि चालला. १९८० चा ॲपल थ्रीही तसाच काढला आणि तो मात्र नडला. आतल्या चिपा सॉकेटातून सैल व्हायला लागल्या. यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा, असा सल्ला तेव्हा दिला गेला, तो आजही संगणकाच्या इतिहासात विनोद म्हणून सांगितला जातो. उष्णतेला वाट दिली नाही तर ती स्वतःची वाट काढते, हा धडा असा पहिल्याच दशकात मिळाला होता.

प्रोसेसरचे डोके तापू लागले ते ४८६ च्या काळात. १९९२ साली ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ डीएक्स-२ आला आणि त्यावर ॲल्युमिनियमचा दातेरी ठोकळा, म्हणजे हीटसिंक, चिकटवण्याची चाल पडली. पुढच्याच वर्षी, मार्च १९९३ मध्ये, पेंटियम आला. ३१ लाख ट्रान्झिस्टर, पाच व्होल्टचा पुरवठा आणि ६६ मेगाहर्ट्झच्या चिपेला सोळा वॉटपर्यंत उष्णता. नखाएवढ्या सिलिकॉनमधून सोळा वॉट म्हणजे थोडे नव्हेत. नुसत्या ठोकळ्याने भागेना, म्हणून त्यावर छोटा पंखा बसला. एसएमपीएसच्या आडोशाला असलेला पंखा असा प्रोसेसरच्या डोक्यावर आला आणि तिथून हललाच नाही.

याच सुमारास ग्राहकाला 'निवड' नावाची गोष्ट मिळाली. खटका उचलून चिप अलगद बसवता येईल असे सॉकेट आले. त्यातल्या सॉकेट सेव्हनची तर गंमतच होती. एकाच मदरबोर्डवर इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के-सिक्स किंवा सायरिक्सचा प्रोसेसर, यातला कोणताही लावा. फक्त व्होल्टेज आणि वेगाचे जंपर बोर्डवर हाताने लावायचे. जंपर चुकून वरच्या व्होल्टेजवर राहिला, तर चिप भाजायची. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा मांडणीचा नमुना आणला, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कॅबिनेटात बसू लागला. इकडे १९९१ नंतर आयात सैल झाली होती. १९९७ साली भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत अशा मालावरचे आयातशुल्क शून्यावर आले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि दिल्लीचे नेहरू प्लेस येथून निघालेले सुटे भाग गावोगावी पोचले आणि 'असेंबल्ड' हा शब्द मराठी घरात रुळला. ब्रँडेड पीसीला परवडणार नाही एवढी घासाघीस सुट्या भागांत करता येई. घासाघीस बहुधा पंख्यावर येऊन थांबे, कारण पंखा हा भाग ग्राहकाच्या यादीत नसेच.

मग आले वेगाच्या शर्यतीचे दिवस. २००० च्या आगेमागे एएमडीच्या ॲथलॉनची सिलिकॉनची चकती उघडी असायची. त्यावर हीटसिंकची कडक स्प्रिंग-पट्टी स्क्रू-ड्रायव्हरने दाबून अडकवायची. हात घसरला की स्क्रू-ड्रायव्हर बोर्डात घुसे, ठोकळा तिरपा बसला की चकतीचा कोपरा उडे. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअरने एक चाचणी चित्रित केली. चालू यंत्रातून हीटसिंकच काढून घेतला. ॲथलॉनमधून धूर निघाला, पेंटियम थ्री जागच्या जागी थिजला आणि पेंटियम फोर नुसता मंदावला. त्यात तापमान वाढताच स्वतःचा वेग कमी करण्याची सोय होती. जगाने त्या चित्रफितीतला धूर लक्षात ठेवला. पुढच्या वीस वर्षांचे बीज मात्र त्या मंदावण्यात होते.

पेंटियम फोरही उष्णतेतून सुटला नाही. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टर लहान होत जाईल तसे त्याचे व्होल्टेजही उतरवता येते. म्हणून तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर भरले तरी उष्णता वाढत नाही. उद्योग तीस वर्षे याच्यावर जगला. पण ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली आणि व्होल्टेज आणखी उतरवणे अवघड झाले. फेब्रुवारी २००४ मध्ये प्रेस्कॉट नावाचा पेंटियम फोर आला तो शंभर वॉटच्या घरात. त्याच्या पुढची चिप, तेजस, इंटेलने त्याच वर्षी मे महिन्यात रद्द केली आणि ऑक्टोबरमध्ये चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम फोरवरही पाणी सोडले. शर्यत उष्णतेने थांबवली.

वाट निघाली ती एका वेगवान डोक्याऐवजी अनेक शांत डोकी लावण्याची. २००६ चा कोअर टू ड्युओ ६५ वॉटमध्ये प्रेस्कॉटला मागे टाकत होता. अनेक प्रोसेसरांनी मिळून एक काम करायचे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० बांधला तो असाच, ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकत्र जोडून. त्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातले आणि अभियांत्रिकी शिकले नागपूरच्या व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत. त्यांच्यापुढचे कारण वेगळे होते, महासंगणक हवा होता आणि बाहेरून मिळत नव्हता. पण जी वाट त्यांनी अडचणीतून काढली, तिच्यावर पंधरा वर्षांनी घरगुती संगणकाला उष्णतेने आणून सोडले.

या सगळ्यात मदरबोर्ड नुसता पाट राहिला नाही. प्रोसेसरला आज साधारण सव्वा व्होल्ट लागतात. म्हणजे शंभर वॉटच्या चिपेला ऐंशी अँपिअर. एसएमपीएसचे बारा व्होल्ट सव्वावर आणण्याचे काम बोर्डवरचा व्हीआरएम करतो आणि ते करताना स्वतः तापतो. शेजारी कपॅसिटर असतात. १९९९ ते २००७ च्या दरम्यान जगभर सदोष द्रवाचे कपॅसिटर फुटले. बोर्ड उघडला की डोक्यावर फुगलेले, तपकिरी रस गळणारे नळकांडे दिसायचे. तो दोष कारखान्याचा होता, पण द्रव भरलेल्या कपॅसिटरला उष्णता मुळातच मानवत नाही. दर दहा अंशांमागे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. त्यानंतर चांगल्या बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर आणि व्हीआरएमवर हीटसिंक आले. आजही इंटेलच्या एच ६१० चिपसेटच्या स्वस्त बोर्डाचा व्हीआरएम बहुधा उघडाच असतो. त्यावर वरच्या श्रेणीचा प्रोसेसर बसतो, सुरूही होतो आणि जोराचे काम आले की बोर्डच हात टेकतो.

पंख्याखालचा ठोकळाही बदलला, आणि हा बदल नागपूरकराला सांगावा असा आहे. आजच्या चांगल्या कूलरमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात, हीट पाइप. १९४४ मध्ये रिचर्ड गॉगलर यांनी या कल्पनेचे पेटंट घेतले, १९६३ मध्ये लॉस ॲलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. नळीत थोडेसे पाणी असते आणि हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळते. प्रोसेसरजवळ पाण्याची वाफ होते, ती पट्ट्यांकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत खाली येते. पाण्याची वाफ होताना उष्णता उचलली जाते, हेच तत्त्व आपल्या खिडकीतल्या कूलरचे. पंप ताट्यांवर पाणी सोडतो, बाहेरची कोरडी झळ त्यातून ओढली जाते, पाणी उडून जाते आणि खोलीत गार हवा येते. दोघांची जात एक. फरक इतकाच, की खिडकीतल्या कूलरचे पाणी उडून जाते, म्हणून तो बाहेरच्या हवेपेक्षा गार हवा देऊ शकतो. हीट पाइप बंद असतो, त्यामुळे तो उष्णता फक्त इकडून तिकडे नेतो. दिव्यांची रोषणाई असलेला, बंद नळ्यांतून पाणी फिरवणारा एआयओ कूलर घ्या, त्यालाही खोलीच्या तापमानाखाली उतरता येत नाही.

नागपूरचा हिशेब इथे सुरू होतो. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली. ३० मे २०२४ ला तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्याला सेन्सरच बिघडल्याचे सांगावे लागले. प्रोसेसरची परदेशी परीक्षणे मात्र बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. समजा प्रोसेसर ९० वॉट खातो, कूलर दर वॉटमागे ०.४ अंश चढू देतो आणि कॅबिनेटातली हवा खोलीपेक्षा सहा अंशांनी गरम आहे. मग २४ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ६६ वर राहील आणि दुपारी लाइन गेल्यावर ४२ ला पोचलेल्या खोलीत, इन्व्हर्टरवर, ८४ वर. चालते. आता २०० वॉटचा प्रोसेसर घ्या, त्याला ०.२८ चा भारी कूलर लावा आणि कॅबिनेटची हवा दहा अंश गरम धरा. २४ च्या खोलीत ९०, आणि ४२ च्या खोलीत १०८. पण १०८ कधी दिसत नाही. इंटेलचे आजचे प्रोसेसर शंभराच्या आसपास, एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बहुतेक ९५ ला वेग उतरवू लागतात. २००१ च्या चित्रफितीत पेंटियम फोरने केले तेच. धूर नाही, बीप नाही, ग्राहकाला पत्ताही नाही. पैसे वरच्या प्रोसेसरचे गेले, काम खालच्याचे झाले.

खोक्यावरचा वॉटचा आकडाही जपून वाचावा लागतो. एएमडीचा ६५ वॉटचा प्रोसेसर सॉकेटातून ८८ वॉटपर्यंत घेतो, १०५ वॉटचा १४२ पर्यंत. इंटेलचा १२५ वॉटचा वरच्या श्रेणीतला प्रोसेसर भरात आला की २५३ वॉट मागतो. म्हणून धंतोलीत यादी करताना क्रम उलटा असावा. आधी विचारायचे, यंत्र ठेवणार त्या खोलीत नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, किती अंश असतात आणि एसी आहे की कूलर. त्यावर ठरवायचे किती वॉट झेपतील. दवाखान्याची बिले, टॅली, विद्यार्थ्याचे कोडिंग यासाठी ६५ वॉटच्या वर्गातला प्रोसेसर भरपूर झाला. रायझन ५ ७६०० सारख्याबरोबर पंखा फुकट मिळतो, पण मे महिन्यात तो सतत ओरडत राहतो. चार हीट पाइप आणि १२० मिलिमीटर पंख्याचा उभा कूलर घ्यावा. बोर्ड घेताना रंग-दिवे पाहू नयेत, व्हीआरएमवर हीटसिंक आहे का ते पाहावे. कॅबिनेट समोरून जाळीचे घ्यावे, काचेचे नव्हे, आणि ते खिडकीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण त्या हवेबरोबर पाण्याचे तुषार, क्षार आणि रस्त्याची धूळ येते. मोठा प्रोसेसर लागणारच असेल, व्हिडिओ एडिटिंगसाठी म्हणा, तर बायोसमध्ये जाऊन त्याची वॉटची मर्यादा खाली आणावी. एएमडीत इको मोड त्यासाठीच आहे. वेग थोडा जातो, उष्णता पुष्कळ जाते, कारण वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते.

महासंगणकवाल्यांना हे केव्हाच कळले आहे. पुण्याच्या आयसरमध्ये २०१९ साली बसलेल्या परम ब्रह्ममध्ये द्रव थेट प्रोसेसरच्या माथ्यावरून फिरवून उष्णता खोलीबाहेर नेली जाते. तिथे यंत्राबरोबर खोलीचाही आराखडा होतो. घरगुती ग्राहक मात्र प्रोसेसर, बोर्ड आणि कूलर यांची तुलना महिनाभर करतो आणि ज्या खोलीत ते चालणार तिचा विचारच करत नाही. चिपेपासून निघालेली उष्णता पेस्ट, तांबे, नळ्या, पट्ट्या, पंखे असे टप्पे ओलांडत शेवटी त्याच खोलीत येते. म्हणून नागपुरात संगणकाचे बजेट आखताना वाळ्याच्या नव्या ताट्यांचे पैसेही त्यातच धरावेत. महागड्या प्रोसेसरपेक्षा त्यांनीच वेग जास्त मिळतो.