दिनविशेष : २५ नोव्हेंबर – सिंधुदुर्गाची पायाभरणी

१६६४ : मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून शिवाजी महाराजांनी आजच्या दिवशी सिंधुदुर्गाच्या बांधकामाला हात घातला. किल्ल्यासाठी निवडलेल्या कुरटे बेटाचा खडक पक्का. पण लाटांच्या माऱ्यात पाया धरायचा कसा? पायाचे चिरे बसवताना शिसे ओतले, वर चुन्यात बांधकाम चढवले. तट सरळ न नेता बेटाच्या कलाने नागमोडी वळवला. त्याची लांबी सुमारे ३ किलोमीटर भरते. पाथरवट, लोहार, गवंडी जवळपास ३ वर्षे राबले. बखरींनी शिशाच्या खंडी मोजल्या, घण मारणाऱ्यांची नावे टिपायला मात्र कुणाला सवड झाली नाही! भर समुद्रातल्या या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत.